शालेय ग्रंथालयाचे नूतनीकरण : आधी वाचक, मग कपाट

देशातील अनेक शाळांमध्ये ग्रंथालय नावाची खोली असते. मात्र पुस्तके कुलूपबंद काचेच्या कपाटात आणि विद्यार्थी कपाटाबाहेर, असे चित्र नवे नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतील जुनी, कालबाह्य पुस्तके आणि अनाकर्षक खोल्या यांवर कठोर शब्दांत टीका केली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके, विविध विषयांवरील पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरवले. तरीही नूतनीकरणाचा विषय निघाला की रंगकाम, नवे फर्निचर आणि संगणक यांचाच विचार प्रथम होतो. त्यामुळे खर्च होतो, उद्घाटनही होते. पण पुस्तक मुलाच्या हाती पोहोचतेच असे नाही.

बंगळुरू आणि ग्रंथालयशास्त्र

या प्रश्नाचा विचार करताना बंगळुरू शहराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन १९५७ पासून या शहरात वास्तव्यास होते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना त्यांनी १९६२ मध्ये येथेच केली. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूमध्येच त्यांचे निधन झाले.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचा आशय सोपा आहे. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. पाचवे सूत्र सांगते की, ग्रंथालय सजीवासारखे सतत वाढत आणि बदलत असते. आज ज्याला लवचिक रचना म्हटले जाते, तिचे मूळ या पाचव्या सूत्रात आढळते. लंडनमधील एका दुकानात मेकॅनो हा जोडणीचा खेळ पाहून रंगनाथन यांना आपल्या वर्गीकरण पद्धतीची कल्पना सुचली होती. तेच सुटे भाग वेगवेगळ्या प्रकारे जोडून वेगवेगळ्या वस्तू बनवता येतात, हे तत्त्व ग्रंथालयाच्या खोलीलाही लागू पडते.

पहिली पायरी : मोजणी आणि निवड

आराखडा काढण्यापूर्वी पुस्तकांची तपासणी करावी. फाटलेली, कालबाह्य माहितीची आणि अनेक वर्षांत कोणीही न नेलेली पुस्तके नियमानुसार बाद करावीत. त्यानंतर फळ्यांची गरज काढावी. एक मीटर लांबीच्या फळीवर सर्वसाधारणपणे ३० ते ४० पुस्तके मावतात. शाळेकडे ३,००० पुस्तके असतील आणि मीटरमागे ३० पुस्तके धरली, तर १०० मीटर फळी लागेल. वाढीसाठी एक चतुर्थांश जागा मोकळी ठेवायची झाल्यास ही गरज सुमारे १३३ मीटर होते.

ती भागवण्यासाठी खोली छतापर्यंत भरण्याची आवश्यकता नाही. भिंतीलगत १५ मीटर लांबीचे चार फळ्यांचे स्थिर कपाट ६० मीटर फळी देते. एक मीटर लांबीचे, दोन्ही बाजूंनी तीन-तीन फळ्या असलेले सरकते कपाट सहा मीटर फळी देते. अशी बारा कपाटे घेतल्यास ७२ मीटरची भर पडते. एकूण १३२ मीटर होतात.

दुसरी पायरी : इमारतीची क्षमता

दोन वर्गखोल्यांमधील भिंत पाडून ग्रंथालय करण्याचा विचार अनेक शाळा करतात. त्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य समजावा. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार वर्गखोलीची जमीन दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भारासाठी धरली जाते. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी हेच प्रमाण किमान ६ किलोन्यूटन आहे. वरच्या मजल्यावरील वर्गात उंच कपाटांच्या रांगा उभ्या करणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते. तळमजला मिळाल्यास उत्तम; भार विभागणारी बुटकी कपाटे त्याहूनही सोयीची. अपंग विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही तळमजलाच श्रेयस्कर. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि उताराचे प्रमाण बारास एक असावे.

तिसरी पायरी : बदलणारी रचना

मधली कपाटे कुलूप लावता येणाऱ्या चाकांवर असावीत आणि त्यांची उंची सुमारे १.२ मीटरपेक्षा अधिक नसावी. त्यामुळे लहान मुलांचा हात वरच्या फळीपर्यंत पोहोचतो आणि शिक्षकांची नजर संपूर्ण खोलीत फिरते. कपाटे बाजूला सरकवली की तीच जागा कथाकथन, वादविवाद किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी मोकळी होते. भिंतीलगतची कपाटे मात्र पक्की बसवावीत. शांत वाचन, गटकार्य आणि सतरंजीवरील गोष्टींचा कोपरा यांची आखणी करताना गोंगाटाची जागा शांत जागेपासून दूर ठेवावी. फर्निचर हलणार असल्याने विजेच्या जोडण्या एकाच भिंतीवर न घेता चारही बाजूंना द्याव्यात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूच्या सौम्य हवेत समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखे बहुधा पुरेसे असतात. परंतु नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस या शहरात पडतो. त्यामुळे खालची फळी जमिनीपासून उंच आणि कपाटे ओलसर बाह्य भिंतीपासून दूर असावीत. कोकणात दमटपणा, तर विदर्भात उन्हाळ्याचा ताप हा मुख्य निकष राहील. एकच आराखडा सर्वत्र उपयोगी पडणार नाही.

पुस्तक आणि वाचक यांची भेट

या शहरातील हिप्पोकॅम्पस या संस्थेने मुलांच्या वाचनपातळीनुसार पुस्तकांना हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा आणि पिवळा असे सहा रंग देण्याची पद्धत विकसित केली. वर्गीकरणाचे आकडे न समजणारे मूलही यामुळे स्वतः पुस्तक निवडू शकते. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांच्या घरांतून येथील मुले शाळेत येतात. २००४ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हा मुक्त परवान्याचा संग्रह सुरू केला. त्यातील मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बालपुस्तके विनामूल्य वाचता आणि छापता येतात. नोंदींसाठी कोहा ही मुक्त प्रणाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली उपलब्ध आहे.

वेळापत्रक आणि खर्च

कर्नाटकातील शाळांनी तोडफोड आणि वीजकाम एप्रिल-मेच्या सुट्टीत उरकावे. महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे जूनच्या मध्यास सुरू होत असल्याने त्यांना त्यानुसार नियोजन करता येईल. सर्व काम एकाच वर्षी करण्याऐवजी प्रथम फळ्या आणि प्रकाश, नंतर बैठक व्यवस्था, शेवटी उपकरणे असा क्रम परवडणारा ठरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना स्तरानुसार वार्षिक ५,००० ते २०,००० रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. ही रक्कम पाहता बांधकामाचा निधी वेगळा उभारणे आणि पुस्तकांचा पैसा पुस्तकांसाठीच राखणे योग्य होय.

अखेरीस, नूतनीकरणाच्या आराखड्यात तीन गोष्टींची नोंद आरंभीच असावी : ग्रंथालय कोण सांभाळणार, प्रत्येक वर्गाला आठवड्यातून किती तास मिळणार आणि पुस्तक हरवल्यास काय करणार. पुस्तक हरवण्याच्या दंडाची धास्ती असलेला शिक्षक कपाटाला पुन्हा कुलूप लावतो. ठरावीक नुकसान शाळेने गृहीत धरले, तरच दारे उघडी राहतात. कपाटाला चाके लावणे सोपे आहे. त्याची किल्ली बाजूला ठेवण्याचा निर्णय शाळेलाच घ्यावा लागतो.