दुष्काळांतील फुकट मदतीच्या याद्या : एक उपेक्षित साधन

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना संग्राहकाचा हात प्रथम सनदेकडे जातो, नंतर महजराकडे व निवाडपत्राकडे. शिक्क्याचा कागद सांपडला नाहीं तर निदान एखादी शकावली मिळावी अशी आशा असते. तळाशीं राहिलेले हिशेबी कागद बहुधा जसेच्या तसे पुन्हा बांधले जातात, आणि ते इंग्रजी अमदानींतील पाटील-कुलकर्ण्यांचे असले तर अर्वाचीन म्हणून बाजूस सारले जातात. अशा सारलेल्या कागदांपैकीं एका वर्गाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे योजिलें आहे. दुष्काळांत काम करण्यास असमर्थ अशा ज्या माणसांस सरकारांतून फुकट मदत द्यावयाची, त्यांच्या गांवनिहाय याद्या हा तो वर्ग होय. दख्खनच्या भूमिहीन घरांच्या इतिहासास इतकें जवळचें लेखी साधन आमच्या मतें दुसरें फारसें नाहीं.

मराठेशाहीच्या कागदांत सामान्य माणूस येतो तो कोणत्या वाटेनें? जमिनीच्या, हक्काच्या, कराच्या, नाहीं तर गुन्ह्याच्या. कुळझाड्यांत त्याचें नांव आहे, कारण त्याच्याकडे शेत आहे. मोहतर्फ्यांत आहे, कारण त्याचा माग किंवा दुकान आहे. अवर्षण पडलें म्हणजे सरकार जे उपाय योजी तेही याच वाटेनें जात : साऱ्यांत सूट, बैल-बियाण्यास तगाई, परागंदा रयत परत यावी म्हणून कौल. हे उपाय हलके होते असें आमचें म्हणणें नाहीं. उजाड गांवें पुन्हा वसलीं तीं पुष्कळ अंशीं त्यांच्याच बळावर. परंतु ज्याला सारा नाहीं त्याला सूट कशाची? बलुतेदाराचा हक्क खळ्यावर. खळेंच पडलें नाहीं तर बलुतें बुडालें, आणि त्या बुडीत बलुत्याची सूट सरकारच्या ताळेबंदांत येण्याचें कारण नव्हतें. श्रावणमासच्या दक्षिणेच्या याद्या पेशव्यांच्या दप्तरांत आहेत, पण त्या विद्येच्या याद्या, भुकेच्या नव्हेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वश्रुत आहे. तेथें तर कोठारच लुटविलें, तेव्हां यादीचा प्रश्नच उद्भवला नाहीं! कर्नल एथरिज यांनीं १८६८ मध्यें मुंबई इलाख्यांतील पूर्वींच्या दुष्काळांचा जो वृत्तांत संकलित केला, तो चाळतांनाही अभ्यासकाच्या पदरीं मुख्यतः वर्षें, भाव व सुटी पडतात. उपाशी घरें नांवानिशीं भेटत नाहींत.

शके १७९८ मध्यें, म्हणजे १८७६ सालीं, पाऊस गेला. पुणें, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांपासून कलादगी-धारवाडपर्यंतचा टापू होरपळला. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. जानेवारी १८७७ मध्यें हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल दक्षिणेंत आले, आणि मजुरी उतरवून दिवसाला पौंडभर धान्य व वर किरकोळ पैसे अशा मानावर आणण्यांत आली. हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या मजुरीविरुद्ध सरकारकडे तक्रार गुदरली व गांवोगांवची हकीकत मिळवून सरकारास कळविली. त्याच वर्षीं सत्यशोधक समाजानें पुण्यानजीक धनकवडीस दुष्काळांतील मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. सावित्रीबाई फुले यांचें ओतूरहून एप्रिल १८७७ मध्यें लिहिलेलें पत्र या धामधुमींतलेंच आहे. हेच टेंपल पुढें त्याच वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले, ही गोष्ट वाचकांस स्मरत असेलच.

या दुष्काळानंतर स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. ब्रिटिश मुलुखांत सुमारें साडेबावन लक्ष माणसें नेहमींच्या मानाहून अधिक दगावलीं, असा त्याचा अंदाज होता. १८८० मध्यें कमिशनचा रिपोर्ट निघाला, १८८३ मध्यें नमुन्याचें फॅमिन कोड तयार झालें व त्यावरून प्रांतोप्रांतीं कोडें झालीं. त्यांतील मूळ विचार असा कीं, धडधाकट माणसाची गरज कामानें पारखावी; जो खडी फोडावयास येईल तो खरा भुकेला. ज्याची पारख कामानें होऊं शकत नाहीं त्यास मात्र त्याच्या गांवींच मदत द्यावी. आंधळे, पांगळे, वेडे, वृद्ध व दुर्बळ; घरांत आजारी माणूस किंवा तान्हें मूल असल्यामुळें ज्यांस हलतां येत नाहीं ते; आणि रूढीमुळें घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया, हे ते वर्ग होत. यांची निवड करावयाची म्हणजे यादी आली. गांवची माहिती गांवकामगारांस, म्हणून पहिला हात त्यांचा. वरचा अधिकारी फेरीवर येऊन माणसें समक्ष पाही व नांवें कमीजास्त करी.

येथें एक नवी गोष्ट घडली, तिजकडे आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे. गांवकुसाबाहेरची म्हातारी, जिच्या नांवावर शेत नाहीं, वतन नाहीं, कर नाहीं, ती या यादीमुळें सरकारी कागदांत स्वतःच्या नांवानें आली. तिला तेथें आणणारें कारणही लिहावें लागलें. अशा यादीस तीन गोष्टी सांगाव्याच लागत : माणूस कोण, त्यास काम कां करवत नाहीं, आणि त्यास द्यावयाचें किती. तीन ओळींत एका घराची दशा कळते. सनदेंत इतकें कधीं कळत नाहीं.

परंतु हा कागद सरळ वाचूं जाणारा फसेल. ही भुकेल्यांची गणना नव्हे, पात्र ठरलेल्यांची आहे. धडधाकट पण उपाशी असा माणूस तींत नाहीं. तो कामावर गेला असेल, परमुलखीं गेला असेल, किंवा घरींच खंगला असेल. गांवाची यादी आंखूड दिसली म्हणजे गांव सुखी होतें असें अनुमान काढूं नये. पाटील हात राखणारा असेल, वरिष्ठाचा धाक असेल, किंवा म्हारवाड्यापर्यंत फेरी पोंचलीच नसेल. ज्याच्याशीं पाटलाचें वितुष्ट, त्याचें नांव प्रथम कीं शेवटीं, हें लेखणी धरणाराच जाणे. उलट, नसलेलीं माणसें यादींत घालून धान्य उचलण्याचा मोहही असणारच. नांवावर रेघ ओढलेली आढळल्यास तर फारच जपावें. ती रेघ पीक आल्याची असेल, तपासणींत अपात्र ठरल्याची असेल, गांव सोडल्याची असेल, किंवा मरणाची. यादी एकटी हें सांगणार नाहीं. त्याच गांवचें जन्ममृत्यूचें नोंदबुक शेजारीं ठेवून मेळ घालावा, म्हणजे कांहीं रेघा बोलूं लागतील.

दुसरी अडचण घराची. आपल्याकडे घर मोजावयाचें तें चुलीनें किंवा उंबऱ्यानें. कोडानें मात्र चूल दुभंगली. मुलगा व सून कामावर, त्यांचीं नांवें तेथील मस्टरांत. म्हातारा गांवीं, त्याचें नांव यादींत. लहान मुलें आईबरोबर गेलीं तर त्यांचा भत्ता कामावरच्या हिशेबांत. एक चूल दोन-तीन कागदांत विखुरली. गांवची यादी पुष्कळदां कुलकर्ण्याच्या घरीं, मस्टर मात्र सरकारी कचेरींत, म्हणून दोहोंची गांठ क्वचित् पडते. ती घालून देणारा संशोधक मोठेंच काम करील.

शोधावें कोठें? मोडी रुमालांवर बहुधा फसली सन असतो. १८७६ च्या जूनपासूनचें वर्ष म्हणजे फसली १२८६. तथापि तेवढ्यावर थांबूं नये. दुसऱ्या वर्षाचा पाऊसही लांबला होता, म्हणून १२८७ चे रुमालही सोडावे. १८९६-९७ च्या दुष्काळासाठीं १३०६ व १३०७, आणि १८९९-१९०० साठीं १३०९ व १३१० पाहावे. कोड लागू झाल्यानंतरचे हे दोन दुष्काळ असल्यामुळें त्यांच्या याद्या अधिक सांचेबंद असण्याचा संभव आहे. १८९६ मध्यें सार्वजनिक सभेच्या व केसरीच्या मंडळींनीं कोडांतील हक्क खेडोपाडीं समजावून दिले, आणि १८९७ मध्यें सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. तेव्हां यादींत नांव घालण्यासाठीं केलेले अर्जही या रुमालांत निघाल्यास नवल नाहीं. असा अर्ज यादीहून मोलाचा, कारण त्यांत नाकारलेला माणूस बोलतो.

१९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं. जे कागद तेव्हां सरकारांत जमा झाले नाहींत, ते माळ्यावर राहिले व वाळवीस, कीं रद्दीस, लागले. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, अशी यादी मिळाल्यास ती रुमालांतून सुटी काढूं नये. तिच्या पुढचा-मागचा कागद कोणता होता हें लिहून ठेवावें, आणि नक्कल करतांना नांव, वय, कारण व खाडाखोड यांपैकीं कांहीं गाळूं नये.

नांवें छापावीं कीं नाहीं, याविषयीं मतभेद संभवतो. फुकटचें अन्न खाल्ल्याचा बोल कांहीं घरांस आजही लागेल, हा आक्षेप पोकळ नाहीं. तरी नांवें गाळून केवळ बेरजा छापणें आम्हांस मान्य नाहीं; ज्या एका कागदांत तीं माणसें स्वतःच्या नांवानें आलीं, त्यांतूनच तीं पुन्हा काढून टाकल्यासारखें होईल. छापण्यापूर्वीं संशोधकानें त्या गांवीं जावें, त्या घराण्यांचीं आज कोणी माणसें असतील तर त्यांस यादी वाचून दाखवावी, व त्यांची ना नसेल तीं नांवें छापावीं. बाकीच्यांची नक्कल मोहोरबंद करून संग्रहांत ठेवावी.