लिंगओळखीची कायदेशीर मान्यता

जन्मनोंदीतील लिंगाऐवजी व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंगओळख शासकीय व्यवहारात ग्राह्य धरण्याची व्यवस्था. भारतात तिचा उगम सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आहे (पहा : नालसा निकाल), त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली. तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा २०१९ चा अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला.

मूळ अधिनियमानुसार ‘तृतीयपंथी’ असे ओळखपत्र जिल्हा दंडाधिकारी देतो. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ नोंदीसाठी मात्र कलम ७ शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागते. मूळ कलम ४ मधील स्वनिर्णयाच्या हक्काशी या अटीचा मेळ बसत नव्हता, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप होता.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे. ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अंजली गुरू संजना जान यांनी भरलेला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने, उमेदवार तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून, छाननीत बाद केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी कलम ४ च्या आधारे तो स्वीकारायला लावला. पुढे सोयीनुसार लिंगओळख बदलता येणार नाही, अशी अटही घातली. त्या निवडणुकीत त्या विजयी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढील सुनावणीनंतर राज्याने पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवण्याचे मान्य केले (पहा : आरक्षण, समांतर).