वाड्याचं कुत्रं, वस्तीचं कुत्रं

बारामतीत मी लोकांची कुत्री सांभाळते. कोणी लेकीच्या बाळंतपणाला जातं, कोणी चारधामला, कोणी परदेशातल्या मुलाकडे. जाताना घराची किल्ली आणि कुत्र्याचा पट्टा माझ्या हाती देतात. हे काम अलीकडे वाढलं, म्हणून ते नवीन आणि पैसेवाल्यांच्या हौसेचं समजलं जातं. मला हे मान्य नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुत्रं सांभाळणं हे फार जुनं काम आहे. त्याला शिस्त होती, मोबदला होता आणि ते बहुतेक बायकांनी केलं. मी धनगराच्या घरातली आहे. आमच्यात मेंढरं माझ्या वडिलांपर्यंत होती, त्यामुळे या कामाचा मागचा धागा मला घरातच सापडतो.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. आज कोणी बारामती म्हटलं की ऊस डोळ्यांपुढे येतो. पण हा सगळा पावसाने पाठ फिरवलेला पट्टा. नीरेचा काठ सोडला तर माळरान, कुसळी गवत आणि बाभळी. १८७६-७७ च्या दुष्काळाने इथली माणसं आणि जनावरं देशोधडीला लागली. त्यानंतर १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि तालुक्याचे दोन भाग पडले, खाली बागायत आणि वर जिराईत. जिराईत मेंढराच्या उपयोगाची. दिवाळीच्या सुमारास वाडे हलायचे. इथले कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जात आणि पावसाळा तोंडावर आला की परत फिरत. वाडा म्हणजे इथे दगडामातीचं घर नव्हे. काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, बिऱ्हाड वाहणारी घोडी, कोंबड्या आणि कुत्री, असा चालता संसार. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याला मिळायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे वाड्याला.

गडीमाणसं दिवसभर कळपामागे. मुक्काम कुठे टाकायचा, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, कशी लावायची, आजारी कोकरू कोणी उराशी धरायचं, हे सगळं मागे राहिलेल्या बायकांच्या हाती असायचं. कुत्रं त्यांच्याच हातचं खायचं. माझी आज्जी माणसांच्या भाकरी झाल्या की त्याच तव्यावर कुत्र्यांसाठी बाजरीचा जाड रोट टाकायची आणि ताकात कुस्करून द्यायची. देण्याची वेळ ठरलेली. मेंढरं वाघरीत गेली, जाळी ताणून झाली, मोजणी झाली की मगच. आधी दिलं तर कुत्रं पडून राहतं, असं ती म्हणे. देणारा हातही एकच असायचा. वाटेत भेटलेल्या कोणीही तुकडा टाकला तर कुत्र्याने तो खायचा नाही, ही सवय पिल्लू असल्यापासूनची. परक्याच्या तुकड्यात विष असू शकतं, आणि कुत्रं गेलं तर त्या रात्री कळप उघडा पडतो.

पिल्लू निवडून ते कोकरांत ठेवायचं. डोळे उघडून चार पावलं टाकायला लागलं की त्याची झोपायची जागा वाघरीच्या आत, कोकरांच्या अंगाला अंग लावून. कोकराचा कान तोंडात धरला तर आज्जी मारत नसे, उचलून आईजवळ टाकायची आणि थोड्या वेळाने पुन्हा कोकरांत सोडायची. असं वाढलेलं कुत्रं मेंढरालाच आपलं समजतं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या संगतीत राहतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं, हा त्यातला मोठा निष्कर्ष. आज्जीला आठवडे मोजता येत नव्हते, पण तो काळ तिला अचूक कळत होता. आज माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांपैकी जी पाहुण्यांना, पावसाच्या आवाजाला, मोटारसायकलीला भितात, त्यांच्या मालकांना मी पहिला प्रश्न विचारते: पिल्लू असताना ते कुठे होतं? उत्तर बहुधा पिंजरा किंवा बंद खोली असतं.

भुंकणं ओळखणं हा तर आज्जीचा हातखंडा. माणूस आला तर कुत्रं एका जागी उभं राहून सलग भुंकतं. लांडग्याचा वास आला तर वाघरीच्या कडेकडेने धावत, मध्येच गप्प होऊन, पुन्हा दुसऱ्या बाजूने. ती घोंगडं न काढता नुसतं ऐकून सांगायची, उठायचं की नाही ते.

माझ्या आजच्या कामाचं मूळ मात्र मला आणखी एका रिवाजात दिसतं. कुत्री व्यायला आली किंवा कुत्र्याचा पाय मोडला तर वाडा थांबू शकत नसे. अशा वेळी आमच्या वाड्यातलं ते जनावर वाटेवरच्या ओळखीच्या वस्तीवर, घरधनिणीकडे ठेवलं जाई. परतीच्या वाटेवर ते घ्यायचं आणि तिच्या रानात एक रात्र मेंढरं फुकट बसवायची. तिने कुत्रं सांभाळलं, तिला खत मिळालं. ठेवताना कुत्र्याच्या खाली घोंगड्याचा फाटका तुकडा सोडला जाई, आपल्या माणसांच्या वासाचा. आजही मी मालकांकडून धुतलेली गादी घेत नाही, वापरलेली चादर मागून घेते.

धनगरांच्या ओव्या आणि देवांच्या कथा जमवण्यासाठी गुंथर सोंथायमर हा जर्मन अभ्यासक वाड्यांबरोबर राहिला, हिंडला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १९७६ चा आहे. त्याचे आपल्यावर उपकार आहेत. त्यामुळे ओव्या कागदावर आल्या. पण कुत्र्याच्या रोटाची वेळ, पिल्लाची जागा, भुंकण्याचे प्रकार, हे बायकांचं ज्ञान बायकांबरोबरच गेलं.

कुत्र्याला मान मात्र या मुलखात पूर्वीपासून होता. बारामतीहून मोरगावमार्गे जेजुरी गाठा. खंडोबाबरोबर तिथे कुत्रं आहेच. त्याचे वाघे, म्हणजे त्याला वाहिलेले भक्त, स्वतःला देवाची कुत्री मानतात आणि कोटंब्यातला, म्हणजे भिक्षापात्रातला, प्रसाद कुत्र्यासारखं भुंकत खाण्याचा त्यांचा विधी जुना आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास काढतात, तो आमच्या घरी अजूनही काढतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. याहून फार मागे जायचं तर प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा रथ पाहावा. दोन बैल, रथात उभा माणूस, आणि दोघांच्या मध्ये दांडीवर एक छोटं कुत्रं. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाम करणाऱ्याला कुत्र्याशिवाय गाडी पुरी वाटली नसावी. मला त्या रथातली ती जागा फार आवडते. कुत्रं माणसाच्या पायाशी नाही, पुढे उभं आहे.

मग हे मोडलं कसं? उसाने. वालचंदनगरचा कारखाना १९३० च्या दशकातला. पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरचे सहकारी कारखाने झाले. मळ्याला बारमाही पाणी आलं आणि पडीक रान संपत गेलं. उभ्या उसात मेंढरू घालता येत नाही. वाड्याची वाट अरुंद झाली, पोरं शिकली, नोकरीला लागली. माझ्या वडिलांनी मेंढरं विकली तेव्हा कुत्री विकली नाहीत, ती वस्तीवर राहिली. कळपाविना राहिलेल्या कुत्र्याला काम उरत नाही. ते बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जातं आणि लोक त्याला पिसाळलेलं ठरवतात.

दुसरीकडून ऊसतोडीच्या हंगामाबरोबर बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात. कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, बैलांबरोबर कुत्रीही येतात. हंगाम संपून गाड्या परत निघाल्या की कोपीमागे जन्मलेली पिल्लं गाडीवाटेला उरतात. यात दोष द्यावा असं कोणी नाही. ज्या माणसाला स्वतःची पोरं कोणाकडे ठेवायची हे सुचत नाही, त्याने पिल्लं कुठे न्यावीत?

गावांनी या उरलेल्या कुत्र्यांना पूर्वी विष घातलं. यात्रा किंवा पालखी जवळ आली की गोळ्या टाकायच्या, हा कितीतरी ठिकाणचा शिरस्ता होता. कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती माझ्या पिढीला चांगली आठवते. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपलने बनवलेली ती रेबीजची लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. तिचे दुष्परिणामही भयंकर होते. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली आणि दंडात घ्यायची सुरक्षित लस सगळीकडे आली. मोकाट कुत्र्यांबाबत २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग घालून दिला, २०२३ मध्ये नवे नियम आले. कागदावर हे सारं चांगलं आहे. तालुक्याच्या गावात मात्र शस्त्रक्रियेची सोय आणि डॉक्टर यांचीच ओढाताण असते, हे मी रोज पाहते.

इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं गवताळ माळरान आहे. चिंकारा, लांडगे, खोकड तिथे राहतात. वनखात्याने तिथे आता पर्यटनही सुरू केलं आहे. लांडगा आणि धनगर हे जुने शेजारी आहेत, वैरीसुद्धा. पण त्या लांडग्यावर आलेलं नवं संकट कुत्र्याकडून आलं आहे. २०२३ मध्ये कडबनवाडीच्या लांडग्यांत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची लागण आढळली. त्याच वर्षी पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. मोकाट, लस नसलेलं कुत्रं माळावर गेलं की असं होतं. आमच्या आज्जीची कुत्री वाघरीला बांधील होती, ती रात्री माळ धुंडाळत नसत. तरी लस त्यांनाही नव्हतीच, हेही खरं.

डिस्टेंपरवरून मला जर्मनीतलं ओबरकासेल आठवतं. बॉनजवळच्या त्या ठिकाणी १९१४ मध्ये खाणीत एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रं एकत्र पुरलेलं सापडलं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. त्याचे दात पुन्हा तपासून २०१८ मध्ये अभ्यासकांनी सांगितलं की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला असावा. अनेक आठवडे ते आजारी होतं. कोणीतरी ऊब दिली, पाणी पाजलं, उलटी-जुलाब साफ केले, त्याशिवाय ते इतकं जगलंच नसतं. आजारी पिल्लू शिकारीला उपयोगी नव्हतं, राखणीलाही नव्हतं. तरी सांभाळलं. मी डिस्टेंपरचं पिल्लू रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली आहे. त्या हातांना काय करावं लागलं असेल ते मला कळतं.

माझं आजचं काम आज्जीच्या कामाहून फार वेगळं नाही. नव्या कुत्र्याला मी पहिल्या भेटीत हात लावत नाही. त्याच्या घरी, त्याच्या मालकासमोर, थोडी तिरकी बसते आणि वास घेऊ देते. शेपटी हलते म्हणजे खूश, असं नसतं. शेपटी ताठ उभी आणि टोकाला थरथरत असेल तर ते सावध आहे. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, ही सगळी ‘थांब, पुढे येऊ नको’ असं सांगायची रीत आहे. लहान मुलं कुत्र्याला मिठी मारतात तेव्हा कुत्रं नेमकं हेच करत असतं, आणि घरातली माणसं फोटो काढत असतात. चावा त्यानंतर येतो.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी आणखी एक सांगते. रात्री कुत्रं बाहेर साखळीला बांधू नका. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, जवळपास ३९ टक्के. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीला येते तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. लोक मोबाइल उंच करून मेंढरं पाहतात. रिंगणाच्या कडेला, गर्दीत न बिचकता उभं असलेलं धनगराचं कुत्रं दिसलं तर तेही पाहा. त्याला तसं कोणीतरी वाढवलेलं असतं.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची, वाड्याबरोबर चाललेली आज्जी अजून आहे त्यांनी तिला कुत्र्यांबद्दल विचारावं आणि ती सांगेल ते लिहून ठेवावं. आणि यंदा तुमच्या रानात वाडा उतरला तर खताचा हिशेब करताना त्यांच्या कुत्र्यांना लस झाली आहे का, तेवढं विचारा. झाली नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा आणि खर्च आला तर तो तुम्ही द्या.