नेवासे तालुक्यातील जुनी पाती

पात्याचा इतिहास नेवासे तालुक्यात फार मागे जातो. प्रवरेकाठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन थरांतून गारेच्या जातीच्या दगडाची लहान, धारदार पाती निघाली. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसवीत. त्या थरांच्या वरच्या, सातवाहनकालीन थरांत लोखंडी हत्यारे आहेत.

पुढे गावोगावची धार बलुतेदार लोहाराने सांभाळली. सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात तो विळे, खुरपी, फाळ वर्षभर शेवटून, म्हणजे झिजलेली धार पुन्हा घडवून, देई. झिजलेले पाते टाकायचे नसे. भात्याने फुललेल्या निखाऱ्यात ते लाल करायचे, ऐरणीवर ठोकून वाढवायचे, धारेला पोलाद जोडायचे आणि शेवटी पाणी द्यायचे. पाणी चढले तर धार तडकते, उतरले तर वळते. ही पारख नजरेची, आणि खरी कारागिरी तिथेच. लोहार नसलेल्या गावी फिरते घिसाडी पाल टाकीत. त्यांच्या बायका उभ्याने घण मारीत. या कष्टाची नोंद इतिहासात फारशी झाली नाही, हा अन्यायच आहे.

धार आणि झिलई हे शिकलगारांचे काम. मराठी राज्य गेले, 1878 चा हत्यार कायदा आला आणि तलवारींचे काम आटले. उरले ते चाकू, सुऱ्या, कात्र्या.

जवळ बाळगायच्या हत्यारांत चाकूइतकाच मान अडकित्त्याचा. तो पानाच्या चंचीत असे. मोर, पोपट, घोडा अशा घडणीचे पितळी अडकित्ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात.

मोडीत किंवा माळ्यावर सापडलेला चाकू वा अडकित्ता दुरुस्त करताना आधी खिळ्याजवळ तेल सोडून तो एक-दोन दिवस ठेवावा. जोर लावला तर खिळा तुटतो. गंज रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने हळूहळू काढावा. पितळ चिंचेने उजळते, पण चिंचेचे पाणी पोलादाला लागू देऊ नये. जुन्या पात्यावरचा काळसर थर गंज नव्हे; तो घासून काढू नये. विजेच्या चाकावर तर पाते धरूच नये, कारण ते तापले की लोहाराने दिलेले पाणी उतरते. वस्तू कोणत्या गावी, कोणाच्या वापरात होती, हे चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवावे.