यात्रेकरूंचे बिऱ्हाड व उपाध्यांची वही

इंग्लंडातील खेड्यांत पिढ्यानुपिढ्या एकाच कुटुंबाने चालविलेली पांथस्थगृहे असत. आपल्याकडे तशी का नव्हती, असा प्रश्न पुष्कळदा केला जातो. आमच्या मते ती होती; त्यांच्या दारावर पाटी मात्र नव्हती.

परळी वैजनाथाच्या परिसरातील सिरसाळ्यासारख्या गावी वाटसरू उतरावयाचा तो देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा धर्मशाळेत. तेथे छप्पर मिळे. स्वयंपाक ज्याचा त्याने करावा. शास्त्राने अन्नविक्रय निंद्य ठरविल्यामुळे पैसे घेऊन जेवू घालणारे घर खेड्यात सहसा उभे राहिले नाही.

मोठ्या क्षेत्री ही उणीव उपाध्यांच्या घरांनी भरून काढली. नाशिक-त्र्यंबकेश्वरी यात्रेकरू आपल्या उपाध्यांच्या वाड्यात उतरत. तेथे भाडे नसे, दक्षिणा असे. आणि निघताना वहीत आपले नाव, गाव व बाप-आज्यांची नावे लिहिली जात. १८६७ च्या कायद्याने इंग्रजी मुलखातील सराईंची नोंद सक्तीची केली; उपाध्यांची ही नोंद त्याहून कितीतरी जुनी, आणि तीही कोणाच्या हुकुमावाचून!

पुढे खाणावळी व लॉज झाले, आणि वाड्यातील उतारा कमी झाला. परंतु कुलवृत्तान्त लिहिणारांस त्या वह्यांसारखे दुसरे साधन विरळा. सरदार-दरकदारांचे कागद जपावयास पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. सामान्य कुटुंबांचे हे दप्तर कोणी जपावयाचे? ज्यांचे आजे-पणजे त्या वाड्यांत उतरले, त्यांनीच आपापले पान उतरवून घ्यावे. कसर कोणासाठी थांबत नाही.