स्किझोफ्रेनियातील कालभान आणि कार्यकारणभाव : एक ऐतिहासिक टिपण

इंदिरानगर मेट्रो स्थानकात तुम्ही लिफ्टचे बटण दाबता. लगेच दिवा लागतो आणि तो आपल्या दाबण्यामुळे लागला, हे तुम्ही गृहीत धरता. तोच दिवा दहा सेकंदांनी लागला, तर तुम्ही मधल्या वेळात बटण पुन्हा दाबलेले असेल. कारण आणि परिणाम यांची जोडी आपण पुष्कळदा मधल्या वेळावरून लावतो. हा वेळ एखाद्याच्या मनात वेगळा मोजला जात असेल, तर? स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठी परिभाषेत छिन्नमनस्कता, या आजाराच्या अभ्यासात हा प्रश्न कसा आला, ते या टिपणात पाहू.

वेधशाळेतून सुरुवात

मनाला लागणारा वेळ मोजण्याची गरज प्रथम खगोलशास्त्रज्ञांना भासली. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या सहायकाला कामावरून काढले. ताऱ्यांच्या वेधाच्या त्याच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येत. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवले, की असा फरक निष्णात निरीक्षकांमध्येही असतो. म्हणजे ज्याला हलगर्जीपणा समजले गेले, तो मोजता येण्याजोगा व्यक्तिगत फरक होता. हा धडा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येईल.

वर्णनाचा काळ

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९३३ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या यूजीन मिंकोव्स्की यांनी ‘जगलेला काळ’ या विषयावर पुस्तक लिहिले. घड्याळाचा काळ आणि माणूस जगतो तो काळ वेगळे असतात आणि मनोविकारात हा दुसरा काळ बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. १९३९ मध्ये कुर्ट श्नायडर यांनी या आजाराची ठळक लक्षणे नोंदवली. ‘माझा हात दुसरेच कोणी हलवते’ हा अनुभव त्यांत होता.

ही वर्णने बारकाईची होती, पण रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून होती. असे का होते, हे तपासण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

मोजमापाचा काळ

ते साधन २००२ मध्ये पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधील प्रयोगातून मिळाले. निरोगी व्यक्तीने कळ दाबायची; २५० मिलिसेकंदांनी एक आवाज येतो. घड्याळाच्या फिरत्या काट्याकडे पाहून तिने प्रत्येक घटनेची वेळ सांगायची. स्वतःहून कळ दाबली, तेव्हा ती दाबल्याचा क्षण सुमारे १५ मिलिसेकंद उशिरा आणि आवाज सुमारे ४६ मिलिसेकंद लवकर जाणवला. कारण आणि परिणाम मनात एकमेकांकडे सरकले. बाहेरून चुंबकीय उद्दीपन देऊन बोट हलवले, तेव्हा मात्र ते उलट दूर गेले.

२००३ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. त्यांच्यात ही जवळीक निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आढळली. २०१० मध्ये मार्टिन फॉस आणि सहकाऱ्यांनी आवाज कधी यायचा, कधी नाही, अशी योजना केली. आवाज बहुतेक वेळा येणार हे ठाऊक असले, की निरोगी व्यक्तींमध्ये तो आला नाही तरी कळ दाबल्याचा क्षण सरकत असे. म्हणजे त्यांचा मेंदू आधीच अंदाज बांधत होता. रुग्णांमध्ये हा अंदाज क्षीण होता आणि प्रत्यक्ष आवाज आल्यावरच क्षण सरकत असे. नियंत्रण प्रणाली शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल: पूर्वानुमानाचा भाग दुबळा, आणि सगळा भार मागून येणाऱ्या फीडबॅकवर. आपल्याच हालचालीचा अंदाज आधी आला नाही, तर ती परकी वाटू शकते. उलट, योगायोगाने पाठोपाठ घडलेली गोष्ट ‘माझ्यामुळेच झाली’ असेही वाटू शकते.

बंगळुरूतील काम

इंदिरानगरहून काही किलोमीटरवर होसूर रस्त्यालगत निम्हान्स आहे. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मनोरुग्णालयालगत १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन निम्हान्स झाले. आपण बोलतो, तेव्हा स्वतःच्या आवाजाला मेंदू कमी प्रतिसाद देतो; स्किझोफ्रेनियात ही घट पुरेशी होत नाही. डोक्यावरून सौम्य विद्युत्प्रवाह देऊन त्यात बदल होतो का, यावर तेथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्राथमिक अहवाल दिला. प्रश्न तोच: आपली कृती आपली म्हणून मेंदू कशी ओळखतो?

तुमच्यासाठी

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशी-पंचविशीत सुरू होतो. म्हणजे तुमच्याच वयात. वर्गातला मित्र ‘माझे हात माझे राहिले नाहीत’ म्हणाला, तर हसू नका आणि वादही घालू नका. त्याने लावलेले कारण चूक असेल, पण त्याला येणारा अनुभव खोटा नसतो. किनेब्रुकला काढून टाकून नोंदींतला फरक समजला नाही. तो मोजल्यावर समजला.

एक सावधगिरी बाळगा. वरचे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत; कळ आणि आवाजाच्या चाचणीने कोणा एकाचे निदान होत नाही. ते मनोविकारतज्ज्ञच करतील. पहिले पाऊल म्हणून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

विचार करा : दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून तुम्ही कार्यकारण जोडल्याचे तीन प्रसंग लिहा. प्रत्येकात वेळाखेरीज दुसरा पुरावा कोणता होता?