हाताला पुन्हा काम

सातपुड्यात व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, पोचला तो माझ्यासारख्या पदवीधरांच्या कितीतरी आधी, आणि तोही या नावाने नाही. कुष्ठरोग विभागाचे अवैद्यकीय सहायक तो घेऊन आले. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या भागांत पाड्यापाड्यांवर पायी फिरणारी ही माणसं. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. 1 जुलै 1998 पर्यंत हा सगळा मुलूख धुळ्यात होता. त्यांच्यातले एक निवृत्त गृहस्थ शहाद्याकडे राहतात. मी या जिल्ह्यात कामाला आले तेव्हा नागपूरच्या वर्गात न शिकलेलं बरंच काही त्यांनी मला शिकवलं, म्हणून हा इतिहास त्यांच्यापासून सुरू करते.

केंद्र सरकारने 1955 साली कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. घरोघर तपासणी, आरोग्यशिक्षण आणि उपचार ही त्याची कामं. औषध एकच, डॅप्सोन, आणि ते वर्षानुवर्षं घ्यायचं. 1983 पासून एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत देशात रुजू लागली आणि माणसं रोगातून खरोखर सुटू लागली. पण जंतू मेले म्हणून मेलेली नस परत येत नाही. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, तळहाताच्या त्या बाजूची जाणीव जाते. मक्याची भाकरी उलटणाऱ्या बाईला तवा लागल्याचं कळत नाही. फोड आला, पाणी झालं, मग कळतं. झोपेत उंदराने पायाचं बोट कुरतडलं तरी जाग येत नाही.

अशा घरात सहायक गोळ्या देऊन निघून जात नसत. रोज हात पाण्यात भिजवायचा, ओला असतानाच तेल चोळायचं, दुसऱ्या हाताने वळलेली बोटं मांडीवर हळूहळू सरळ करायची, हे ते बसून करून घेत. विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड करत, म्हणजे कमजोर हाताला पकड येई आणि घट्टेही पडत नसत. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचलायचं नाही, मऊ रबराच्या तळाची चप्पल घातल्याशिवाय शेतात उतरायचं नाही. त्या गृहस्थांचा एक नियम मी आजही पाळते: आधी बाईला तिचं रोजचं काम करू द्यायचं, आपण गप्प बसून पाहायचं, आणि मगच तोंड उघडायचं. मी चार वर्षांत जे शिकले त्याचा गाभा हाच होता.

तो गाभा आपल्या देशात रुजवला कमलाबाई निंबकरांनी. अमेरिकेतल्या क्वेकर घरातली ही एलिझाबेथ लुंडी, विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि इथलीच झाली. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातली ती पहिली. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. माणसाला जे काम करायचं आहे तेच त्याचं औषध, हा त्यांचा विचार होता. आमच्या पिढीवर त्यांचे मोठे उपकार आहेत. तरीही पुढे जे झालं ते मला सलतं. शाळा निघाल्या त्या मोठ्या रुग्णालयांना जोडून, मुंबईला, नागपूरला. शिकलेली मुलं तिथेच राहिली किंवा परदेशी गेली. तापीच्या अलीकडेही फारसं कुणी आलं नाही, मग नर्मदेचा काठ तर दूरच.

आमची मोजमापंही त्या रुग्णालयांतलीच. 1965 साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक जगभर वापरतात. खुर्चीतून पलंगावर जाता येतं का, जिना चढता येतो का, असं त्यात विचारलेलं असतं. इथल्या पावरा आदिवासी कुटुंबाचं घर स्वतःच्या शेतात, शेजाऱ्यापासून दूर, कुडाच्या भिंतींचं. खुर्ची नाही, जिना नाही. तिथे विचारायचं ते वेगळं: उकिडवं बसता येतं का? हापशाचा दांडा दाबता येतो का? डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरता येतो का? मोहाची फुलं वेचता येतात का? खाली सपाटीवर, नंदुरबारच्या मिरचीच्या खळ्यांवर, दिवसभर बसून देठ खुडता येतात का? जयपूर फूट हा कृत्रिम पाय 1968 च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला तो याच प्रश्नांतून: अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसाला कसला पाय हवा? व्यवसायोपचाराने तो धडा सगळीकडे घ्यायला हवा होता.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर पुनर्वसन गावातच व्हावं ही कल्पना जगभर पुढे आली. आपल्याकडे 1981 पासून अपंगांना साधनं देण्याची केंद्राची योजना आली आणि शिबिरं सुरू झाली. तीनचाकी मिळाली, कुबड्या मिळाल्या. पण तोरणमाळच्या घाटातल्या पाड्यावर तीनचाकी कुठे चालवायची? ती मी घराच्या मागे, कोंबड्या बसलेली पाहिली आहे. मेंदूचा पक्षाघात असलेल्या पोराला त्यापेक्षा उपयोगी पडतो बांबूचा कोपरा. भिंतीच्या कोनात बांबूच्या कांबी बांधायच्या, मागे गोधडी, पुढे आडवी काठी. पोर ताठ बसतं, त्याचे हात मोकळे होतात, ते स्वतः घास उचलतं. बांबू विणणारे हात इथे घरोघरी आहेत. मला फक्त माप सांगावं लागतं.

2005 च्या अखेरीस देशाने कुष्ठरोग दूरीकरणाचं लक्ष्य गाठलं. तोवर त्याचं काम सामान्य आरोग्यसेवेत मिसळलं गेलं होतं आणि घरी येऊन बसणारा माणूस विरळ होत गेला. 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत म्हणून रेशनसाठी अडलेली म्हातारी माणसं मला भेटली, तेव्हा त्या हातांचं काम अर्धवट राहिल्याचं मला लख्ख दिसलं.

सिकलसेलचं दुखणं इथे फार जुनं, पण 1995 च्या अपंगत्व कायद्याच्या सात प्रकारांत ते नव्हतं; 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांत ते घेतलं. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त पोचेनासं होतं आणि विशीतला तरुण उकिडवा बसू शकत नाही. त्याला मी निंदणी सोडून दे म्हणत नाही. लांब दांड्याचं खुरपं, बसायला उंच पाट, ऊन चढण्याआधी काम, सोबत पाण्याची बाटली, थंडीत अंगभर पांघरूण, एवढं घरच्यांसमोर ठरवते.

आदिवासी डोंगराळ भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. त्या केंद्राच्या ठरलेल्या पदांत व्यवसायोपचारतज्ज्ञ नाही. 2020 मध्ये नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 2021 च्या केंद्रीय कायद्याने आमच्या व्यवसायाला देशपातळीवर स्थान दिलं. पद मात्र आरोग्य केंद्रातच हवं, आणि त्या माणसाचा बहुतेक आठवडा पाड्यांवर जायला हवा.

तोवर गावातल्या आशा स्वयंसेविकांना, आमच्या आशाताईंना, शिकवणं सुरू आहे. वेळ दिवाळीच्या आधीची धरावी लागते, कारण दिवाळी झाली की मुकादम येतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, ती होळीला परततात. पोर सोबत जाणार असेल तर बांबूचा कोपरा सुटा करून ट्रकमध्ये कसा न्यायचा आणि तिथल्या झोपडीत, कोपीत, पुन्हा कसा बांधायचा, हे आम्ही आईबापांकडून करवून घेतो. पोर आजीपाशी राहणार असेल तर सगळं आजीला शिकवतो, तेही तिच्या बोलीत. मला अजून मोडकीतोडकीच पावरी येते, म्हणून तेवढं काम आशाताईच करतात.